दुधाचे दात

रात्रीचे सव्वादोन.
भिंतीपलीकडे पुन्हा सुरू होतं ते
कर्र... कर्र...
थोडी उसंत, मग कर्र.

घासण्याचे सगळे आवाज मला ओळखू येतात.
ओउलूच्या बर्फमैदानामागच्या खोलीत
बारा वर्षं स्केटच्या पात्यांना धार लावतोय.
पातं दगडाला सरळ टेकलं की गुणगुणतं,
तिरकं लागलं की किंचाळतं.
डोळे मिटून सांगेन
कुठल्या पोराचं, कुठल्या कडेनं झिजलेलं.
पण हा आवाज माझ्या कुठल्याच दगडाचा नाही.
हा तूरेचा. चार वर्षांच्या.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा सानेल्मा म्हणाली, उंदीर.
आम्ही बॅटरी घेऊन फडताळामागे शोधला.

मग लोक शहाणे झाले.
जंत असतील, म्हणाली खालच्या मजल्यावरची बाई.
माझ्या आईनं विचारलं,
एवढंसं पोर, कुणावर दात खातंय?
कुणावरच नाही, आई.
राग त्याला येतो तेव्हा तो जमिनीवर आडवा पडतो,
सगळ्या इमारतीला कळतं.

नको रे, नको राजा, थांब.
दातांच्या कण्या केल्या आम्ही,
आणि तो खऱ्याखुऱ्या करत राहिला,
हसत.
कारण तो घासला की
दोन मोठे चेहरे धावत त्याच्याजवळ येत.

डॉक्टर रौहालानी आधी कान पाहिले.
पडद्यामागे पाणी साचलं होतं.
ते काढलं. तीन आठवडे घर इतकं शांत
की आम्हालाच झोप येईना.
चौथ्या आठवड्यात, कर्र.
मग एक रात्र इस्पितळात, अंगभर वायरी,
श्वास कुठे अडतो ते बघायला.
थोडा अडतो, म्हणाले. पाहू.
आणि दात?
झिजतील. पण पडायचेच आहेत ते.

पडायचेच आहेत.
हे मला कुणी सांगावं?
धार म्हणजे झीज, हे मी रोज हातात धरतो.
पण हे दात किती उशिरा आले, ठाऊक आहे का त्यांना?
शेजारची पोरं सफरचंद फोडत होती
तेव्हा तूरेच्या हिरड्या गुळगुळीत गुलाबी.
पहिला दात चमच्यावर टिक् वाजला
त्या दिवशी सानेल्मानं मला कामावर फोन केला,
यंत्र चालू होतं, ऐकूच येईना,
ती ओरडत होती, वाजला! वाजला!

डिसेंबरात एकदा पाळणाघर बंद,
म्हणून त्याला कामावर नेलं.
दुपारी दोनलाच बाहेर काळोख.
कानांवर मोठाली टोपणं चढवली,
स्टुलावर बसवलं, यंत्रापासून लांब.
त्यानं तळवा मेजावर सपाट ठेवला.
मी पातं टेकवलं.
आणि त्याचा जबडा सैल पडला,
तोंड उघडं, लाळेची तार हनुवटीवर,
डोळे लांब कुठेतरी.
यंत्र थांबवलं तर
दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर टेकवून त्यानं खूण केली:
आणखी.
त्याचे अकरा शब्द आहेत. त्यांतले चार हातांचे.

म्हणजे हे होतं तर.
हाडांतून जाणारी थरथर.
डोक्याच्या आत कुणीतरी आहे असं वाटणारी.

आता रात्री मी त्याच्या कुशीला आडवा होतो,
माझा गाल त्याच्या गालाच्या हाडाला लावून
खालच्या पट्टीत घुमत राहतो,
सूर नाही, गाणं नाही,
नुसता चांगल्या पात्याचा आवाज.
कधी कधी थांबतो तो.
कधी माझ्या गुणगुणण्याखालून
आपलं काम चालू ठेवतो, माझा सोबतकरी.

आज नाही थांबला.
साडेतीनपर्यंत घुमलो, मग माझाच डोळा लागला.

सकाळी तो राईच्या कडक रोटीचा तुकडा
त्याच चपट्या, बुटक्या दातांनी
कुर्रकन् तोडतो,
तपासून बघतो,
आणि ओला अर्धा घास
माझ्या तोंडात कोंबतो.